जुन्या हत्यारांतले दडलेले दोष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडिलांच्या पेटीतून आलेली, बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेली किंवा वर्षानुवर्षे भिंतीवर टांगून राहिलेली हत्यारे वापरात आणताना वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे, त्यामुळे हवा तो प्रश्न थेट उघडून वाचता येईल.

१. गंज आणि झीज तर डोळ्यांना दिसतेच. मग "दडलेला दोष" म्हणजे नेमके काय?

जो दोष हत्याराच्या रोजच्या कामात जाणवत नाही, पण एखाद्या ठोक्याला किंवा झटक्याला हत्यार अचानक मोडण्यास कारण ठरतो, तो दडलेला दोष. केसाएवढी भेग, आतून पोखरलेला पत्रा, पाणी (म्हणजे तापवून दिलेला कठीणपणा) उतरलेले पोलाद, दांड्याच्या आत तुटलेले लाकडाचे तंतू आणि वायरच्या आवरणाखाली तुटलेल्या तारा हे त्याचे नेहमीचे प्रकार आहेत.

यांपैकी सर्वांत फसवी भेग ही थकव्याची असते. एकाच जागी हजारो वेळा ताण येत-जात राहिला, की तो ताण धातूच्या एकूण ताकदीपेक्षा बराच कमी असला तरी भेग सुरू होते आणि दर फेरीला किंचित पुढे सरकते. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला आणि असे आस वरून धडधाकट दिसत असताना का मोडतात, या प्रश्नाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. पुढे १८५० आणि १८६०च्या दशकांत जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर पद्धतशीर प्रयोग करून हे दाखवून दिले, की ताण किती मोठा आहे याइतकेच तो किती वेळा आला यालाही महत्त्व असते. आपल्या हातातला चाळीस वर्षांचा पाना हा त्याच नियमाने चालतो.

मोडलेल्या हत्याराचा तुटलेला पृष्ठभाग एकदा भिंगाखाली जरूर पाहावा. थकव्याने मोडले असेल तर एका बाजूला गुळगुळीत, काळपट भाग दिसतो आणि त्यावर बहुधा शिंपल्यासारख्या वळ्या असतात, तर उरलेला भाग चमकदार आणि खरबरीत असतो. काळपट भाग हा जुन्या भेगेचा, चमकदार भाग हा शेवटच्या झटक्याचा. म्हणजे हत्यार "अचानक" मोडले असे आपण म्हणतो, तेव्हा ते बहुतेक वेळा कित्येक महिन्यांपासून मोडत आलेले असते.

२. तपासणीची सुरुवात कशी करावी? त्यासाठी कोणते सामान लागते?

सुरुवात साफसफाईने करावी, आणि तीही हलक्या हाताने. तेलकट मळ, जुना रंग आणि गंजाचा पापुद्रा यांच्याखाली भेग सहज लपते. रॉकेल किंवा तत्सम द्रावक, ताठ ब्रश, सुती कापड, दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक टॉर्च, खडू आणि एक चांगली कानस एवढ्या सामानात घरगुती कारखान्यातली बहुतेक तपासणी होते.

सँडब्लास्टिंग किंवा फिरता तारेचा ब्रश यांनी मात्र सुरुवात करू नये. त्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावरचा धातू किंचित दबून पसरतो आणि बारीक भेगेचे तोंड बुजते. भेग तशीच राहते, फक्त ती दिसेनाशी होते. ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूंच्या बाबतीत हे अधिक घडते.

टॉर्च समोरून न धरता पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. तिरक्या उजेडात भेगेची कड सावली टाकते.

३. संपूर्ण हत्यार भिंगाखाली पाहणे शक्य नाही. भेग कुठे शोधावी?

जेथे आकार एकदम बदलतो तेथे. ताणाला वाट देणारी गोलाई जेथे नसते, त्या कोपऱ्यात तो साचतो. पान्याच्या जबड्याचे मूळ, सॉकेटच्या आतले कोपरे, हातोड्याच्या दांड्याचे छिद्र, करवतीच्या दोन दातांमधली खोबण, कानशीचे शेपूट जेथे सुरू होते तो खांदा, बोल्टच्या आट्यांचा तळ आणि वेल्डिंगची कड या जागा आधी पाहाव्यात.

याखेरीज दोन जागा लोक विसरतात. एक म्हणजे ठोकून उमटवलेली अक्षरे किंवा मालकाचे नाव, कारण प्रत्येक ठसा ही एक धारदार खाच असते. दुसरी म्हणजे गंजाने पडलेले खोल खड्डे. गंज खरवडून काढला तरी खड्डा उरतोच, आणि खड्ड्याचा तळ हा भेगेला जन्म देण्यास पुरेसा असतो.

४. बारीक रेघ दिसते आहे. ती भेग आहे की नुसता ओरखडा, हे कसे ओळखावे?

ओरखड्याला तळ असतो, भेगेला तो सापडत नाही. यावर आधारलेली रॉकेल आणि खडूची परीक्षा फार जुनी आहे. रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाके अशीच तपासली जात. संशयित जागा स्वच्छ करून तिच्यावर रॉकेल लावावे आणि अर्धा तास थांबावे. मग कोरड्या कापडाने पृष्ठभाग अगदी कोरडा पुसून त्यावर खडूची बारीक भुकटी एकसारखी पसरावी किंवा खडू घासावा. भेग असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू परत वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उमटते. ओरखड्यातले रॉकेल पुसतानाच निघून गेलेले असते. हे काम आगीपासून दूर आणि खेळत्या हवेत करावे.

माझ्याकडे वारशाने आलेल्या बेंच व्हाइसच्या सरकत्या जबड्याखाली मानेजवळ एक तपकिरी रेघ होती. मी ती दोनदा पुसली आणि दोन्ही वेळा आठवडाभरात ती त्याच जागी, त्याच वळणाने परत उमटली. शेवटी रॉकेल लावून, खडू घासून व्हाइस रात्रभर ठेवला. सकाळी खडूवर बोल्टच्या छिद्रापासून मानेच्या अर्ध्यापर्यंत गेलेली, केसाहून बारीक अशी ओली रेघ होती, आणि शेवटाकडे ती दोन फाट्यांत विभागली होती. ओरखडा कधी असा फाटा फोडत नाही. पुसूनही त्याच जागी परत येणारी गंजाची रेघ ही भेगेची सर्वांत प्रामाणिक खूण आहे, असे मी तेव्हापासून मानतो.

बाजारात मिळणारा लाल रंगाचा भेदक द्रव आणि पांढरा डेव्हलपर हे याच तत्त्वावर काम करतात आणि अधिक बारीक भेगा दाखवतात. मात्र या सर्व रीतींची एक मर्यादा आहे: पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेली भेग त्यांना दिसत नाही.

५. हत्यार वाजवून पाहतात, ते कितपत खरे?

मडके घेताना आपण जे करतो तेच येथे लागू पडते. अखंड वस्तू ठोकली की ठणठणीत, लांबत जाणारा नाद येतो. तडा असेल तर त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून नाद मारतात आणि आवाज बद्द येतो. बिडाचा रंधा, ग्राइंडरचे दगडी चाक, गोल करवतीचे पाते आणि जाड सळई यांच्यासाठी ही परीक्षा उपयोगी आहे. वस्तू दोरीला टांगून किंवा बोटावर तोलून लाकडी मुठीने हलकेच ठोकावी, कारण हातात घट्ट धरलेली अखंड वस्तूही बद्दच वाजते.

बद्द आवाज आला तर कारण शोधलेच पाहिजे. ठणठणीत आवाज आला म्हणून मात्र निश्चिंत होता येत नाही, कारण अगदी लहान भेग किंवा कडा घट्ट मिटलेली भेग नादात फरक पाडत नाही. सैल सुटा भाग, चिकटलेला मळ किंवा ओल असली तरी आवाज बदलतो, म्हणून हत्यार आधी सुटे आणि कोरडे करावे.

६. बेंच ग्राइंडरचे जुने चाक बसवण्यापूर्वी काय पाहावे?

या एका वस्तूबद्दल मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८५० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक असतो. या वेगात तडा गेलेले चाक फुटले, की त्याचे तुकडे त्याच वेगाने सुटतात.

चाक कोरडे आणि स्वच्छ करून छिद्रातून बोट किंवा दांडी घालून टांगावे. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून २५ ते ५० मिलिमीटर आत, पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. मग चाक ४५ अंश फिरवून पुन्हा ठोकावे. प्रत्येक ठिकाणी स्वच्छ नाद आला पाहिजे. एकाही ठिकाणी तो बद्द आला तर चाक तोडून टाकावे, म्हणजे दुसरा कोणी ते उचलून वापरणार नाही. खूप मोठे, जड चाक टांगण्याऐवजी स्वच्छ, कठीण जमिनीवर उभे धरून वाजवावे.

त्यानंतर चाकावर छापलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीहून कमी नाही ना, हे पाहावे. छापील कागद निघून गेल्यामुळे गती वाचता येत नसेल तर ते चाक वापरू नये. चाकाच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाची चकती असावी, चाक दाबून धरणाऱ्या दोन्ही फ्लँज (चकत्या) सारख्या व्यासाच्या असाव्यात आणि नट ताकद लावून आवळू नये, कारण पुष्कळ चाकांना पहिला तडा याच वेळी जातो. काम टेकवण्याच्या टेकूचे अंतर चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा आणि आवरणाच्या वरच्या जिभेचे अंतर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावे. चाक बसवल्यावर आवरण लावून, स्वतः बाजूला उभे राहून, किमान एक मिनिट मोकळे फिरू द्यावे.

७. हीच परीक्षा अँगल ग्राइंडरच्या पातळ कटिंग डिस्कला लागू होते का?

होत नाही. प्रश्न ६ मधील दगडी चाक भट्टीत भाजलेले असते, म्हणून ते वाजते. कटिंग डिस्क राळेने बांधलेली आणि आत जाळी घातलेली असते, त्यामुळे ती नवी असतानाही मंदच वाजते. तिची कड तुटली आहे का, ती वाकली आहे का, जाळी उघडी पडली आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. राळ ओलाव्याने आणि काळाने कमकुवत होते, म्हणून अशा डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख ठोकलेली असते. १२५ मिलिमीटरची डिस्क मिनिटाला १२,२०० फेऱ्यांपर्यंत चालवण्यासाठी केलेली असते आणि तेव्हा तिच्या कडेचा वेग सेकंदाला जवळपास ८० मीटर होतो. मुदत उलटलेली डिस्क कितीही कोरी दिसली तरी टाकून द्यावी.

८. हातोड्याचा दांडा सैल झाला, की आम्ही तो रात्रभर पाण्यात ठेवतो. हे योग्य आहे का?

योग्य नाही, आणि हा सल्ला इतका पसरलेला आहे, की याचे कारण सविस्तर सांगणे भाग आहे. लाकूड पाण्याने फुगते, पण छिद्राच्या पोलादी भिंती त्याला जागा देत नाहीत, म्हणून आतले तंतू चिरडतात. लाकूड वाळले की चिरडलेला भाग पूर्वीपेक्षाही बारीक होतो. दुसऱ्या दिवशी घट्ट वाटणारा दांडा काही आठवड्यांत आधीपेक्षा अधिक सैल होतो, आणि ओलाव्याने छिद्राच्या आत गंज धरतो तो वेगळाच. खरा उपाय म्हणजे दांडा नीट बसवून नवी पाचर ठोकणे, किंवा दांडाच बदलणे.

दांडा तपासताना डोक्याच्या लगेच खालचा वीतभर भाग नीट पाहावा, कारण चुकलेले ठोके याच ठिकाणी बसतात. दांडा हातात घेऊन किंचित पिळावा आणि वाकवावा. आतले तंतू तुटले असतील तर बारीक चरचर जाणवते. लाकडाच्या रेषा दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत जात आहेत की मध्येच तिरप्या बाहेर पडत आहेत, हे पाहावे. तिरप्या रेषांचा दांडा नवा असला तरी त्याच रेषेवर चिरतो. टेप किंवा सुतळी गुंडाळलेला दांडा तर गुंडाळी काढूनच पाहावा.

डोके हलते का हे हाताला कळत नसेल, तर दांडा आणि डोके जेथे मिळतात तेथे पेन्सिलीने दांड्यावर बारीक रेघ काढावी आणि दहा-वीस ठोके मारून पुन्हा पाहावे. रेघ आणि डोके यांच्यात फट पडली किंवा छिद्रातून तपकिरी भुकटी झडली, तर डोके हलते आहे.

९. छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरले आहे. एवढ्याने काय बिघडते?

छिन्नीची धार कठीण आणि डोके मुद्दाम मऊ ठेवलेले असते, म्हणून ठोक्यांनी डोके पसरणे स्वाभाविक आहे. परंतु पसरलेल्या पाकळ्या प्रत्येक ठोक्याला अधिक कडक आणि ठिसूळ होत जातात आणि शेवटी त्यांचा कपचा बंदुकीच्या छऱ्यासारखा उडतो. तो डोळ्यात, मनगटात किंवा गळ्यात शिरू शकतो. अशी छिन्नी ग्राइंडरवर पाकळ्या पूर्ण काढून, कडेला उतार देऊन पुन्हा वापरता येते. मात्र पाकळ्यांच्या मुळापासून आत गेलेल्या भेगाही संपेपर्यंत घासावे. वरचेवर पाण्यात बुडवून ती थंड ठेवावी.

हातोड्याच्या बाबतीत उत्तर वेगळे आहे. त्याचे तोंड कठीण केलेले असते. त्याची कड उडाली असेल किंवा तोंडावर भेग दिसत असेल, तर ते घासून दुरुस्त करू नये, हातोडाच बाद करावा. एका हातोड्यावर दुसऱ्या हातोड्याने ठोकणे ही सवय तर आजच सोडावी, कारण दोन कठीण तोंडे एकमेकांवर आदळली की त्यांतले एक कपचा सोडते.

१०. जुन्या पटाशीची धार टिकत नाही. तिचे पाणी उतरले आहे का, हे कसे कळेल?

साध्या कार्बन पोलादाला तापवले की त्यावर क्रमाने रंग चढतात. सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिका पिवळा, २८०च्या आसपास जांभळा आणि ३००च्या आसपास निळा. कोणीतरी घाईने ग्राइंडरवर धार लावली आणि ती निळी पडली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. रंग पॉलिशने सहज निघून जातो, म्हणून रंग नाही याचा अर्थ पाणी शाबूत आहे असा नव्हे.

खात्रीसाठी धारेजवळ, कामात न येणाऱ्या जागी कानस हलकेच फिरवावी. पाणी शाबूत असेल तर कानस घसरते किंवा जेमतेम लागते; उतरले असेल तर ती सहज चावते. धारेपासून मागे थोड्या थोड्या अंतरावर ही परीक्षा केली, की किती भाग घासून टाकल्यावर चांगले पोलाद लागेल याचाही अंदाज येतो.

एक अपवाद लक्षात ठेवावा. हायस्पीड स्टीलची ड्रिल बिट्स सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला कठीणपणा टिकवून धरतात, त्यामुळे त्यांच्यावर निळा रंग दिसला एवढ्यावरून ती बिघडली असे ठरत नाही.

११. पाने आणि सॉकेट वरून चकचकीत आहेत. त्यांच्यात काय बिघडलेले असू शकते?

उघड्या तोंडाच्या पान्याचे ओठ फाकलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच मापाचा नवा नट आत घालून पाहावा. नट जबड्याच्या टोकाशी मुळापेक्षा अधिक हलत असेल तर ओठ फाकले आहेत, आणि फाकलेल्या जबड्याच्या मुळाशी भेग शोधलीच पाहिजे. पान्याच्या मुठीवर पाइप घालून जोर लावल्याच्या खुणा, म्हणजे मुठीच्या शेवटाजवळ पडलेले गोल वळ, दिसले तर त्या पान्यावर संशय अधिक. स्क्रू पान्यात सरकता जबडा वर-खाली आणि आजूबाजूला किती हलतो हे पाहावे. त्याचे आटे झिजले असतील तर तो ऐन जोरात सटकतो आणि बोटे फोडतो.

सॉकेटच्या आतल्या कोपऱ्यांत टॉर्च टाकून भेग शोधावी. झटके देऊन नट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनवर फक्त इम्पॅक्टसाठी केलेली, जाड भिंतीची, बहुधा काळी सॉकेट्स वापरावीत. हाताच्या पान्यासाठी केलेले चकचकीत क्रोमचे सॉकेट गनवर वापरले गेले असेल, तर वरून ते साजरे दिसले तरी ते मी विश्वासाचे मानत नाही. सुटलेल्या क्रोमचा पापुद्राही पात्यासारखा कापतो.

१२. व्हाइस किंवा क्लॅम्पला पूर्वी कोणी वेल्डिंग केले असेल, तर ते चालेल का?

हे धातूवर अवलंबून आहे. घडीव पोलादावरचे चांगले वेल्डिंग टिकू शकते. बीड मात्र ताणाला कमकुवत असते आणि वाकून सूचना न देता एकदम तुटते. त्यावर साध्या रॉडने घाईत केलेले वेल्डिंग जोडाच्या शेजारी नवी भेग तयार करते. पितळेसारखी पिवळसर रेघ दिसली, तर ते ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोड आहे. ते बिडासाठी त्यामानाने बरे, पण त्या व्हाइसवर घण चालवणे किंवा मुठीला पाइप लावणे यापुढे बंद करावे. जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रश्न ४ मधील परीक्षा करावी.

प्रश्न ४ मधल्या माझ्या व्हाइसची भेग मी दुरुस्त केली नाही. तो भाग पूर्ण ताणाखाली येतो आणि मोडला तर हातातल्या कामासकट खाली येतो, एवढे कारण मला पुरेसे वाटले.

सी-क्लॅम्पची कमान उघडी पडली आहे का, हे स्क्रूचे टोक समोरच्या पायावर सरळ बसते का यावरून कळते. ते बाजूला बसत असेल तर कमान किंवा स्क्रू वाकला आहे.

१३. जुने विजेचे ड्रिल किंवा ग्राइंडर व्यवस्थित चालते. तरीही तपासायला हवे का?

हवे, कारण चालणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धातूच्या आवरणाच्या हत्याराची अर्थिंगची तार आत तुटलेली असली तरी मोटर पूर्ववत फिरत राहते, आणि आतले विद्युतरोधन ज्या दिवशी बिघडते त्या दिवशी आवरणात वीज उतरते.

प्लग काढून ठेवावा. वायर जेथे हत्यारात शिरते तेथे ती वाकवून पाहावी. कडक झालेल्या रबराला तेथे पहिल्यांदा चिरा पडतात आणि आतल्या तारा तेथेच तुटतात. प्लगच्या अर्थ पिनपासून धातूच्या आवरणापर्यंत जोडणी अखंड आहे का, हे मीटरने पाहावे. चौकोनात चौकोन अशी खूण असलेले हत्यार दुहेरी रोधनाचे असते. त्यात अर्थिंग नसतेच, तेव्हा ते शोधू नये. विद्युतरोधन साध्या मल्टिमीटरने कळत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो. अर्थिंगच्या हत्याराचे माप १ मेगओहमपेक्षा खाली आले, तर ते जाणकाराकडे द्यावे.

चक धरून शाफ्ट वर-खाली हलवावा आणि हाताने फिरवावा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेले आहे. कार्बन ब्रशजवळ मोठ्या ठिणग्या उडत असतील तर ब्रश काढून त्यांची लांबी आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर पाहावा. बटण सोडताच मोटर बंद झाली पाहिजे. चिकटणारे बटण आधी बदलावे, मग बाकीचे काम करावे. ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असलेल्या जोडणीवरच जुनी हत्यारे चालवावीत, असा माझा आग्रह आहे.

१४. एअर कॉम्प्रेसरच्या टाकीचा रंग अजून कोरा आहे. ती चांगलीच असणार ना?

टाकी बाहेरून नव्हे तर आतून गंजते. दाबलेल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी तळाशी साचते, आणि ते नियमित काढले नाही तर तळाचा पत्रा आतून पातळ होत जातो. तळाचा कॉक उघडल्यावर तपकिरी पाणी आणि गंजाचे कण आले, किंवा कॉक जाम होऊन वर्षानुवर्षे उघडलाच गेला नसेल, तर टाकी संशयित धरावी. तळाशी रंगावर फोड किंवा टाचणीच्या टोकाएवढा ओला डाग दिसला, तर त्या क्षणी दाब सोडून वापर थांबवावा.

खरी जाडी अल्ट्रासोनिक मापकाने कळते. दाबाची परीक्षा पाणी भरून, जाणकाराकडून करून घ्यावी. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून टाकी फाटली तरी पाण्याचा दाब लगेच उतरतो. हवा भरून परीक्षा केली, तर दाबलेल्या हवेत साठलेली सगळी शक्ती एकदम सुटते. गळणाऱ्या टाकीवर वेल्डिंगचा ठिगळ लावणे हा उपाय नाही, कारण शेजारचा पत्राही तेवढाच पातळ झालेला असतो. सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून अडकला नाही ना, हेही पाहावे.

१५. हायड्रॉलिक जॅक गाडी उचलतो, पण हळूहळू खाली बसतो. वापरू शकतो का?

नाही. आतील सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे, आणि हळू गळणारा सील एकदम कधी सुटेल हे सांगता येत नाही. दांड्यावर गंजाचे टोचे असतील तर नवे सीलही लवकरच फाटेल. जॅक उत्तम स्थितीत असला तरी उचललेल्या गाडीखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय कोणीही शिरू नये.

१६. पेटी उघडताच आंबूस, कुबट वास येतो आणि जुन्या पेचकसांच्या मुठींवर पांढरी भुकटी दिसते. हे काय आहे?

अशा अनेक पारदर्शक मुठी सेल्युलोज ॲसिटेट किंवा त्याच्या जवळच्या प्लास्टिकच्या असतात. हे प्लास्टिक जुने झाले की विघटित होऊन आम्ल सोडते, वास त्याचाच. साबणाच्या पाण्याने भुकटी निघते आणि मूठ अखंड असेल तर साध्या कामाला चालते. मुठीला चिरा असतील, किंवा पाते मुठीत फिरत असेल, तर ती बाद करावी. विजेच्या कामासाठीच्या १,००० व्होल्टच्या पेचकसात तर एकही चीर चालत नाही. ही आम्लयुक्त हवा बंद पेटीतल्या इतर पोलादालाही गंजवते, म्हणून अशी हत्यारे वेगळी आणि मोकळ्या हवेत ठेवावीत.

१७. गंज काढण्यासाठी हत्यारे आम्लात बुडवली. नंतर एक स्प्रिंग काही न करता तुटली. असे का झाले?

तीव्र आम्लात पोलादावर हायड्रोजन तयार होतो आणि त्याचा काही भाग धातूत शिरतो. मऊ लोखंडाला त्याचे फारसे वाटत नाही, पण कठीण केलेले पोलाद आणि स्प्रिंग त्यामुळे ठिसूळ होतात आणि ताणाखाली ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणतीही सूचना न देता तुटतात. विजेच्या साहाय्याने गंज काढताना हत्यार ऋण बाजूला जोडलेले असते आणि तेथेही हायड्रोजनच सुटतो, म्हणून ती रीत स्प्रिंगसाठी सुरक्षित समजू नये. अशा वस्तूंचा गंज घासून काढावा.

१८. मोजमापाच्या हत्यारांत भेग नसते. मग त्यांचे काय?

त्यांचा दडलेला दोष म्हणजे चुकीचे माप. गुण्या सरळ कडेच्या फळीवर ठेवून रेघ मारावी, उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारावी. दोन रेघांत जो कोन दिसतो तो खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. स्पिरिट लेव्हलही टोके उलटून अशीच पाहावी. क्लिक प्रकारचा, म्हणजे ठरवलेला जोर आला की आवाज करणारा टॉर्क पाना वर्षातून एकदा किंवा ५,००० वापरांनंतर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावा आणि काम संपल्यावर सर्वांत खालच्या मापावर आणून ठेवावा.

१९. नुकताच रंग दिलेले जुने हत्यार विकत घ्यावे का?

रंग हा दोष नाही, पण तो माहिती झाकतो. गंजलेले हत्यार आपली कहाणी उघड सांगते, रंगवलेले सांगत नाही. विकणाऱ्याच्या परवानगीने प्रश्न ३ मधील एक-दोन जागांचा रंग खरवडून पाहावा. जाड पुट्टीचा भाग आजूबाजूपेक्षा वेगळा वाजतो आणि बिडावर तेथे चुंबकही कमी धरतो. परवानगी मिळत नसेल तर मी ते हत्यार घेत नाही.

२०. दोष सापडलेले, पण आठवणीचे हत्यार टाकवत नाही. काय करावे?

ठेवावे, पण कामाच्या भिंतीवर नाही. ते हत्यार इतर हत्यारांत राहिले, तर घाईच्या वेळी घरातला दुसरा कोणीतरी विश्वासाने तेच उचलतो. त्यावर न पुसणाऱ्या रंगाने फुली मारावी, शक्य असेल तर दांडा किंवा मूठ काढून ठेवावी आणि ते वेगळ्या खोलीत मांडावे. प्रश्न ६ मधील तडा गेलेले चाक आणि प्रश्न १४ मधील गळकी टाकी यांना मात्र ही सवलत नाही. चाक फोडून टाकावे आणि टाकीला, दाब पूर्ण सोडल्यावर, भोक पाडूनच ती भंगारात द्यावी.